मास्टर कड्याचं कुंकू

भावकूमामांना कामावरून काढलं, आणि ते माझ्यामुळे.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. भावकूमामा अजून उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात, मापं घ्यायच्या थंडगार खोलीत, कपाळाला ठसठशीत गंध लावून बसलेत. निवृत्तीला आठ महिने आहेत. आणि आज खंडेनवमी आहे.

आमच्याकडे एक कडं बनतं. ॲल्युमिनियमचं, बांगडीएवढं. हेलिकॉप्टरच्या बगलेला जी क्षेपणास्त्रं लटकवतात, त्यांच्या नाकात एक डोळा असतो. लांबून कुणीतरी रणगाड्यावर लेझरचा ठिपका पाडतं आणि हा डोळा तो ठिपका बघत बघत क्षेपणास्त्राला तिथवर घेऊन जातो. डोळा चारी बाजूंना फिरावा म्हणून तो आमच्या कड्यात बसवतात. म्हणजे देशाच्या संरक्षणात माझा वाटा खोबणीएवढा. गावी कडोलीत आई मात्र सगळ्यांना सांगते, "आमचा नागेंद्र मिसाइल करतोय." मी दुरुस्ती सुचवत नाही.

या कड्याचं आतलं माप केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढंही चुकून चालत नाही. त्यासाठी एक पोलादी मास्टर कडं आहे, पेटीत मखमलीवर झोपणारं. ते म्हणेल ते खरं. रोज सकाळी ते आतून पुसायचं, मापाचं यंत्र त्यावर लावून शून्य करायचं, आणि वहीत 'मास्टर पुसला' लिहून सही करायची. हे काम माझं. खाली तपासणीस म्हणून मामांची सही. मला इथं चिकटवलं त्यांनीच, त्यामुळे माझ्या सहीखाली ते न बघता सही करायचे.

खंडेनवमीला सगळ्या मशिनी धुतल्या, झेंडूचे हार घातले, कुंकवाचे पट्टे ओढले, दारात कोहळा फोडला. फोर्कलिफ्टला इतके हार घातले की चालवणाऱ्याला पुढचं दिसेना. त्यानं ती उलटी चालवून अख्ख्या शेडला प्रदक्षिणा घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मापाच्या खोलीत मात्र काही नाही. पूड आत न्यायची नाही, हा मामांचा नियम. ते चपला काढून बाहेरूनच, काचेतून, हात जोडायचे.

"मामा, देवाला काचंतनं दिसतंय व्हय?"

"देवाला समदं दिसतंय. धूळ तेवढी तुला दिसत न्हाय. गप चुरमुरं खा जा."

मी देव मानत नाही. हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे, कारण न विचारता मीच सांगत असतो. पण मामा बाहेर गेले, खोलीत मी एकटा राहिलो, आणि मला त्या मास्टर कड्याची दया आली. फोर्कलिफ्टला अकरा हार आणि या बिचाऱ्याला एक टिकलीही नाही. मी ओल्या बोटानं त्याला कुंकू लावलं. आतल्या बाजूला लावलं, म्हणजे कुणाला दिसू नये. नास्तिकालाही अब्रू असते.

दसऱ्यानंतर पुसू, असं ठरवलं होतं. दसऱ्यानंतर मी वहीत 'मास्टर पुसला' लिहिलं. पाच दिवस लिहिलं, न पुसता.

कुंकवाचा पातळ वाळका थर, आणि त्याच्यावर आमचं यंत्र शून्य झालेलं. बरोबर कडी आम्हाला मोठी दिसायला लागली, म्हणून आम्ही ती मन लावून लहान केली. सहाव्या दिवशी मी एकदाचं पुसलं आणि फडकं लाल झालं. साठ कडी तेव्हा पॅकिंगमध्येच होती. वीस पावलांवर. मी फडकं खिशात घातलं.

बेंगळुरूला चाचणीच्या टेबलावर डोळा अडकला. ठिपका उजवीकडे, हा डावीकडे बघतोय. कडं घट्ट निघालं, तपास आमच्यापर्यंत आला, आणि मास्टरच्या खाचेत लाल कण सापडले.

मॅनेजर गोमटेश सर निपाणीचे, शांत माणूस. त्यांनी सगळ्यांना बोलावलं. कुणीही काही बोलायच्या आधी खोलीतल्या सगळ्या नजरा मामांच्या कपाळावर गेल्या. माझ्याकडे कोण बघणार? मी तर नास्तिक.

"मामा, हे तुम्ही लावलं?"

मामांनी वही उघडली. माझ्या पाच सह्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. मला बोलायला एवढी मोकळी जागा पुन्हा मिळणार नव्हती. मी बोललो.

"सर, मिसाइलला दिष्ट लागू नये म्हणून लावलं असंल कुणीतरी."

सगळे हसले. सरही हसले. मामा हसले नाहीत.

"खाली सही माझी हाय," ते म्हणाले. "न बघता केली. चूक माझी."

अहवालात लिहिलं गेलं : 'मूळ कारण – कर्मचाऱ्याची धार्मिक सवय. उपाय – कर्मचारी कमी केला.'

दहा दिवसांनी मी मामांच्या घरी गेलो. अंबुमामींनी चहा दिला, "तू तरी येतोस रं बाबा," म्हणाल्या. मामा जोत्यावर बसले होते. कपाळ कोरं.

"मामा, गंध?"

"सोडलं. कुटं काय लागंल, सांगता येत न्हाय."

मी चहा संपवला. चांगला झाला होता, असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर फडकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मी हसत नाही हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

"साकु, नागेंद्र. पुरे. मूळ कारण वरून मंजूर होऊन आलंय. आता खरं कारण घातलं तर सगळं ऑडिट पहिल्यापासून. काय म्हणायचंय ते लेखी दे, फायलीला लावतो."

म्हणून हा अर्ज.

मा. व्यवस्थापक यांस, खाली सही करणार नागेंद्र, मुक्काम कडोली, विनंती करतो की, मंजूर अहवालातील 'धार्मिक सवय' हे शब्द खोडून तेथे 'अर्जदाराचा भित्रेपणा' असे वाचावे, अर्जदाराने चौकशीत केलेला विनोद व त्यावर उपस्थितांचे हसणे कामकाजातून वगळावे, श्री. भावकू यांचे आठ महिने व कपाळावरील गंध पूर्ववत करावे. आणि वरील सर्व सोयीचे व्हावे म्हणून यंदाची खंडेनवमी याच कारखान्यात, त्याच तारखेस, पुन्हा एकदा घेण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.