जड कांडी

शेडमध्ये तिचं काम एकच. बोअरवाल्यांनी जमिनीतून काढलेल्या दगडाच्या कांड्या धुवायच्या आणि खोलीच्या क्रमाने लाकडी खोक्यात मांडायच्या. सोळा वर्षं ती हेच करत आली होती. कुठल्या कांडीत तांबं आहे ते साहेबांना भिंगातून कळायचं, तिला हातात घेताच. तांब्याची कांडी हात खाली ओढते.

त्या दिवशी आलेल्या खोक्यांवर खडूने पंचेचाळीस लिहिलं होतं. पंचेचाळीस म्हणजे तिच्याच घरामागचं भोक, मोरीला लागून. यंत्र दारात उभं राहिलं तेव्हा सासूबाई बोअरवाल्याला म्हणाल्या होत्या, "एवढं खणताच आहात तर पाणी लागलं की थांबा हो!"

"आजी, पाणी लागलं की साहेब आमच्यावरच खेकसतात," तो हसत म्हणाला होता.

जिथे तांबं लागतं तिथली घरं उठतात. खालची वस्ती तशीच उठली. आता तिथे खड्डा होता आणि खड्ड्यात ट्रक.

पहिली कांडी हलकी. दहावीही हलकी. एकोणिसावीने हात खाली ओढला. ब्रश फिरवला तशी पिवळी शीर वर आली, बोटभर रुंद. पुढच्या सगळ्या तशाच.

शेजारी बारा नंबरची खोकी वाळत होती. ओसाड माळावरच्या कांड्या, एकूण एक कोऱ्या. साहेब यायला अजून तास होता. दोन्ही खोक्यांवरचे आकडे आपसांत बदलले की घर राहिलं असतं. खडूचा आकडा ओल्या फडक्याने पुसला जातो, आणि फडकं तिच्या हातातच होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच फडक्याने तिने एकोणिसावी कांडी टिपली आणि अठरावीच्या शेजारी ठेवली. तिची जागा तीच होती.

साहेब आले, भिंग लावून वाकले. "ताई, देशाचं नशीब उघडलं बघा! जहाजंच्या जहाजं भरतील." घाम पुसत त्यांनी वर पाहिलं. पंखा महिनाभर बंद होता. त्याची तांब्याची तार परदेशातून यायची होती. "कुणाचं आवार म्हणे हे?"

"आमचंच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भरपाई मिळेल हो," ते हळूच म्हणाले.

ती घरी पोचली तेव्हा नवरा आईसाठी बांधलेल्या नव्या खोलीला गिलावा करत होता. सासूबाई स्टुलावर बसून चुका काढत होत्या.

"काय गं, लागलं का पाणी?" त्यांनी विचारलं.

"तांबं लागलं."

थापी भिंतीवर थांबली. नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. "नक्की?"

"मीच धुतलं."

"म्हणजे उठायचं," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई," ती म्हणाली.

नवऱ्याने खाली घमेल्याकडे पाहिलं. "एवढं कालवून ठेवलंय. तासाभरात दगड होईल त्याचा."

तिने चपला काढल्या, बाह्या वर सारल्या. घमेलं उचललं तसा त्याच्या वजनानेही हात खाली ओढला. ते तिने नवऱ्यापुढे धरलं.

"त्या कोपऱ्यात नीट दाबून लाव रे," सासूबाई म्हणाल्या. "तिथूनच ओल येते."