संगणकात न मेलेली आंगेलिना

आंगेलिना त्सिग्लारू गेली तेव्हा तिच्या मयताचा कोलिवा, म्हणजे साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू, मी दोनदा मागून खाल्ला होता. तरी सतरा वर्षांनी तिच्या नवऱ्याला मीच तोंड वर करून सांगितलं, की ती मेल्याची नोंद नाही.

गावकचेरीत जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी मी ठेवते. एकतीस वर्षं झाली, त्यामुळे थोडा ताठा आहे.

आंगेलिनाच्या नवऱ्याला, तोआदेरकाकांना, आता साफ्ताशी लग्न करायचं होतं. पंधरा वर्षं दोघं एका छपराखाली राहिली, कागद कधी केला नाही. आता साफ्तानं अंथरूण धरलं होतं आणि बिनलग्नाची म्हणून पाद्री तिला शेवटचा प्रसाद देईना. काकांना आधी विधुर असल्याचा दाखला हवा होता.

पहिल्या सोमवारी मी नाव टाइप केलं. काही सापडलं नाही.

"नोंद नाही, काका."

"अगं, मी स्वतः पुरलीय तिला!"

"संगणक नाही म्हणतो."

दुसऱ्या सोमवारीही तेच. तिसऱ्या सोमवारी काका टोपी काढून टेबलावर वाकले.

"लुक्रेत्सिया, पोरी, माझ्या बायकोचा कोलिवा खाताना तुझ्या संगणकाला विचारलं होतंस का?"

रांगेतली माणसं हसली. मला राग आला, पण तो गिळून मी आतलं कपाट उघडलं. मृत्यूची जुनी वही खुर्चीपासून चार पावलांवर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पानावर आंगेलिनाची नोंद होती आणि अक्षर माझंच होतं.

तरीही संगणकात ती सापडेना. मी माझं स्वतःचं नाव शोधलं, तर मीही नाही! तेव्हा मात्र जिल्ह्याच्या संगणकवाल्याला फोन केला.

"जुन्या कळफलकावर आपल्या लॅटिन लिपीतल्या त्स आणि श या अक्षरांखाली शेपटी यायची, नव्यावर स्वल्पविराम येतो," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांना एकच दिसतं, बाई. यंत्राला ती वेगळी अक्षरं आहेत. नवे संगणक आले तेव्हा जुन्या नोंदी बदलून घ्या, असं पत्र पाठवलं होतं की."

पत्र आलं होतं. दिसायला तर सारखंच आहे, म्हणून मी ते फाइलला लावून टाकलं होतं.

त्याच दिवशी मी काकांना दाखला दिला. लग्नाआधी दहा दिवस थांबावं लागतं, पण सरपंचांनी आजारपण पाहून सूट दिली. गुरुवारी साफ्ताच्या खाटेपाशीच लग्न लावायचं ठरलं. मी वही, शिक्का, लग्न लावताना गळ्यात घालायचा तिरंगी पट्टा, सगळं बुधवारीच पिशवीत भरून ठेवलं.

गुरुवारी सकाळी काकाच कचेरीत आले. नवा सदरा घातलेला, दाढी केलेली, हातात डॉक्टरचा कागद.

"साफ्ता पहाटे गेली," ते म्हणाले. "नोंद कर."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"काका, माझ्यामुळे दोन आठवडे गेले."

"हो, तुझ्यामुळेच गेले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी साफ्ता मोश्न्यागा हे नाव टाइप केलं, श खाली स्वल्पविराम आहे ना ते भिंग लावून पाहिलं. मग शोधूनही पाहिलं. लगेच सापडलं. जन्मतारीख, गाव, आजार भरला. काका माझ्या पाठीशी उभे राहून पडद्याकडे बघत होते.

पुढचा रकाना पतीच्या नावाचा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत मी तो रिकामा सोडला.