उंटाच्या लोभाने माझी अब्रू गेली

मित्रांनो, मी बुद्धिबळातला एक जुना बचाव आहे. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की काळ्याने आपल्या राजाजवळच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं रेटायचं, एवढाच माझा देह. नाव सांगत नाही. नावं पाठ करणारे पुष्कळ झालेत.

समोरच्याची नक्कल करून कंटाळलेल्या कुण्या तापट माणसाने मला जन्म दिला. माझ्यामुळे राजाशेजारचं एक दार उघडं पडतं, हे त्याला ठाऊक होतं. तो त्या दारावर पहारा ठेवायचा. पुढे मला ‘शूरांचा बचाव’ म्हणू लागले, आणि नेभळट लोकांची माझ्यावर झुंबड उडाली.

त्यातलेच एक दाजी, छापखान्यातले मुद्रितशोधक. छापखान्याच्या बुद्धिबळ संघात ते वर्षानुवर्षं राखीव खेळाडू. यंदा एक जागा रिकामी झाली. तिच्यासाठी मधल्या सुट्टीत, कागदाच्या रिमांवर पट मांडून, त्यांचा डाव त्यांच्याच मेहुण्याशी ठरला. तो तिथेच मशीन चालवायचा. दाजींनी मला घोकून ठेवलं होतं.

मेहुण्याने उंट पुढे आणला. दाजींना पाठ केलेलं काही आठवेना, पण उंट दिसला! त्याच्यामागे त्यांनी राजाशेजारची तिन्ही प्यादी पिटाळली. उंट कोंडला गेला. मेहुण्याने राजापुढचं प्यादं एक घर सरकवून वजिराची वाट मोकळी केली.

“दाजी, एकदा नीट बघा हं.”

“तू तुझं बघ. पाय लटपटले ना?”

दाजींनी उंट मारला. वजीर तिरपा धावत आला.

“मात, दाजी.”

“हट्! तुझा उंट खाल्लाय मी!”

“खाल्लात की. पचवा आता.”

जागा मेहुण्याला मिळाली. दाजी पुन्हा राखीव. त्यांनी सगळ्या छापखान्याला ऐकवलं, “हा बचावच भिकार आहे.” दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा हा माणूस! आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून तिथे मला कुणी हात लावत नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला घेऊन खेळायचं असेल तर समोरच्याचा उंट मारण्याआधी आपल्या राजाकडे एकदा बघा. तेवढंही होत नसेल तर सापशिडी खेळा. तिथे हरल्यावर फाशाला शिव्या देता येतात.