दिसली तरच सण

हो मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि मी सगळं उलटं दाखवते. समोरची चिमणी माझ्यातून पाहा, पाय वर करून बसलेली दिसेल. आकाश पाहायच्या दुर्बिणींची घडणच तशी. कारागिराने जीव ओतून माझी भिंगं घासली, ती काय चिमण्या बघायला?

प्रार्थनाघराच्या गच्चीवर माझी नेमणूक झाली. नियम सोपा होता. सूर्य मावळल्यावर नव्या चंद्राची कोर माझ्यातून दिसली, तर दुसऱ्या दिवशी सण. नाही दिसली, तर आणखी एक दिवस थांबायचं. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाहून लहान, म्हणून सण दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. लोक कुरकुरतात, "यंदा इतक्या लवकर?" मग काय, चंद्राने तुमचं कॅलेंडर बघून उगवायचं?

दर महिन्याची कोर पाहण्याचं काम शिंपीणबाईंकडे होतं. एका वर्षी त्यांचा बोटीवर नोकरी करणारा मुलगा कित्येक वर्षांनी घरी आला. रजा जेमतेम उद्यापर्यंत, परवा पहाटे बोट सुटणार. कोर आज दिसली तरच मायलेकरांचा सण एकत्र होणार होता.

बाईंनी भिंगाला डोळा लावला. आकाश नुसतं लालसर. त्यांनी माझी नळी पुन्हा पुन्हा क्षितिजावरून फिरवली. क्षणभर मलाही वाटलं, दाखवावी एक खोटी कोर. पण छे! ते आपल्याच्याने होणं नाही.

"सरक, मी बघतो," त्यांचा थोरला भाऊ म्हणाला. डोळा लावतो न लावतो तोच ओरडला, "दिसली! अगदी स्पष्ट! दोन्ही टोकं वर!"

खाली अंगणात एकच जल्लोष झाला.

"दादा, टोकं वर नुसत्या डोळ्यांनी दिसतात," बाई हळूच म्हणाल्या. "हिच्यातून खाली दिसतात."

दादाचा चेहरा पडला. "अगं, पोरासाठी बोललो गं. कोणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय."

आणि कठड्यावरून वाकून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "कोर दिसली नाही! उद्या सण नाही!"

लोक नाही नाही ते बोलले. एकजण म्हणाला, "फेकून द्या ती उलटी नळी!" फेका की! कोण घाबरतंय?

मुलगा ठरल्या वेळी गेला. सणाच्या दिवशी बाई एकट्याच जेवायला बसल्या आणि पोटभर रडल्या. पुढच्या महिन्यात मात्र सूर्य मावळायच्या आत गच्चीवर हजर!

आता मी कळकट झाले आहे. मित्रांनो, माझी भिंगं सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, चरे पडतात. मऊ कापड घ्या, वर झाकण घाला. एवढं नाही जमलं तर राहू दे, पडून राहीन कोपऱ्यात. पण कोणाच्या मायेपोटीसुद्धा माझ्या तोंडी खोटं घालू नका. बाईंनी स्वतःच्या पोरासाठी घातलं नाही, मग तुमचं मी का ऐकू?