चौथी पायरी ऐच्छिक

पायरी १. कोड उतरवून घ्या.

ताईचा कॉम्प्युटर सकाळी गेला. धूर नाही, आवाज नाही. पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. तसा तो एरवीही काळाच असायचा, पण त्यावर पांढरी अक्षरं चालत असायची. ती गेली म्हणजे ताईची वाचा गेली.

दोन वर्षांत आजारानं तिचे हातपाय गिळले, मग जीभ. पापण्या आपल्या मर्जीनं फडफडायच्या, त्यामुळे डोळ्यांच्या खुणांना काही अर्थ उरला नव्हता. उरला होता उजवा अंगठा, आणि त्याची हालचालही बघणाऱ्याला दिसायची नाही. अंगठ्याखालच्या बटणाला तेवढी कळायची. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जायचं, हवं ते आलं की ताई दाबायची.

हॉस्पिटलनं चित्रांचा तक्ता देऊ केला होता. पाण्याचा पेला, पलंग, हसरा चेहरा. त्यावर ताईनं लिहिलं होतं, "मी बालवाडीत नाही." उभी नोकरी कॉम्प्युटरच्या टर्मिनलसमोर, प्रोग्रॅम लिहीत केलेली बाई ती. जगाच्या कुठल्याशा टोकाला कुणी एकानं फावल्या वेळात लिहून फुकट वाटलेला हा प्रोग्रॅम तिनंच शोधला. बोटं चालत होती तोवर त्यात मराठी अक्षरं घातली, नेहमी लागणाऱ्या शब्दांची एक ओळ वर बसवली, आणि तो चुकत नाही ना हे बघायला ढीगभर चाचण्याही लिहून ठेवल्या.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, गळ्यात नळी घालून श्वासाचं मशीन लावायचं का. लावलं तर ताई वर्षानुवर्षं अशीच राहील, आणि इथल्या नियमानं ते मागाहून काढता येत नाही. नाही लावलं तर चार-आठ दिवस.

ताईनं लिहिलं होतं, "उद्या सांगते."

आज तो उद्या होता. डॉक्टरीणबाई दुपारी येणार होत्या. धाकटी बहीण हॉस्पिटलच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसून प्रोग्रॅमसोबतच्या सूचना वाचत इंटरनेटवरून ताईचा कोड उतरवून घेत होती.


पायरी २. आपली सिस्टिम निवडा.
लिनक्स: तपासलेले आहे.
मॅक: हरकत नसावी.
विंडोज: नशीब अजमावा.

लिनक्सवाला कॉम्प्युटर तर मेला होता. धाकटीच्या मॅकवर प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात तयार झाला, इतका सुरळीत की तिला हसूच आलं. मग तिनं बटणाची वायर जोडली, तर मॅकला बटण दिसेना. बटण ज्या डबीतून कॉम्प्युटरला जोडायचं तिला लागणारं सॉफ्टवेअर जुनं, या मशीनसाठी कुणी केलेलंच नव्हतं.

राहिला भावोजींचा ऑफिसचा लॅपटॉप. त्यावर विंडोज, आणि दुसरं काही चढवायला कंपनीची परवानगी हवी. बटण मात्र त्याला लगेच दिसलं.

"चालेल ना यावर?" भावोजींनी विचारलं.

"चालवते."

"चालेल आणि चालवते यात फरक आहे हं."

"भावोजी, तुम्ही ताईजवळ बसा. माझ्या डोक्यावर नका बसू."

भावोजी उठले आणि पलंगापाशी जाऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या बहिणीनं हाकललं मला." लग्नाआधी ताई त्यांची वरिष्ठ होती, तेव्हापासून ती साहेबच. साहेबांच्या पापण्या फडफडल्या. त्याचा अर्थ काहीही असेल, किंवा नसेलही.


पायरी ३. कंपाइल करा (कोडवरून चालणारा प्रोग्रॅम तयार करा).

ही फाइल सापडत नाही.

सापडली. तीच फाइल, इकडे नाव वेगळं.

ही फाइलही सापडत नाही.

खोलीत ऑक्सिजनची बुडबुड. नर्स येऊन बोटावरचा चिमटा बघून गेली. आकडा सांगितला नाही.

पडदा रंगवणारी कोड-लायब्ररी जुनी आहे.

नवी घेतली. नवीला आणखी तीन लागतात. त्या तिन्ही घेतल्या.

वेळ मोजायची ही सोय या सिस्टिमवर नाही.

इथे धाकटी थबकली. ताईचा अंगठा थरथरायचा, एका दाबाचे दोन व्हायचे. म्हणून प्रोग्रॅम एक दाब ऐकला की क्षणभर कान मिटून घ्यायचा. सगळी मदार त्या क्षणावर. मूळ लेखकानं तो लिनक्सच्या घड्याळावर मोजला होता. इकडे ते घड्याळच नव्हतं. तिनं तो तुकडा खोडला आणि स्वतः नव्यानं लिहिला. दोनदा वाचला. बरोबर वाटला.

एकही त्रुटी नाही.


पायरी ५. बसवा आणि वापरा.

चौथी, तपासणीची, राहिली. ताईच्या सगळ्या चाचण्या चालवायला तासभर जातो, आणि डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या.

पडद्यावर अक्षरं चालू लागली. वरच्या ओळीत ताईचे शब्द: हो, नको, पाणी, मान, कड बदल.

"ऐकू येतंय ना?" डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या. "नळी घालायची का? सावकाश सांगा."

हो उजळलं. विझलं. नको उजळलं.

टक.

"नको," डॉक्टरीणबाईंनी वाचलं. "पुन्हा एकदा दाबाल? खात्रीसाठी."

शब्द पुन्हा फिरू लागले. एक फेरी, दुसरी, तिसरी. अंगठा पडून होता. नर्सनं ताईचा खांदा हलवला. श्वास अपुरा पडून आत साठलेल्या वायूनं ताईला गुंगी येत होती, तशी ती आली.

"आता वाट बघण्यासारखं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"'हो'च्या शेजारीच 'नको' आहे." भावोजी मध्येच म्हणाले. "जरा मागेपुढे झालं तर? हो दाबायला गेली असेल. किंवा बटणानंच घोळ घातला असेल. आमची साहेब एवढ्या मोठ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारी नाही. निदान दोन शिव्या घातल्या असत्या."

डॉक्टरीणबाई धाकटीकडे वळल्या. "हे तुम्ही आज बसवलंत ना? भरवसा ठेवू का याच्यावर?"

धाकटीला स्वतः लिहिलेला तो तुकडा ओळीन् ओळ डोळ्यांपुढे दिसत होता. त्यात खोट नव्हती. आणि ताईही तिला तितकीच दिसत होती: मोठ्या प्रश्नाला ताई एकाच शब्दात उत्तर द्यायची, शिव्या ती बारक्यासारक्या गोष्टींसाठी राखून ठेवायची. हे भावोजींना ठाऊक नव्हतं.

"चाचण्या चालवलेल्या नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी खात्री देऊ शकत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली, आणि पलंगाची चाकं फिरली.


पायरी ४. तपासणी चालवा (ऐच्छिक).

बाहेरच्या बाकावर बसून तिनं चाचण्या लावल्या. आत नळी बसत होती.

एक दाब: उत्तीर्ण.
लांब दाब: उत्तीर्ण.
थरथरता दाब: उत्तीर्ण.

एकही पडली नाही. मग तिनं थरथर दुप्पट करून पाहिली, चौपट करून पाहिली. कुठेतरी पडावी म्हणून ती चाचण्यांना ढोसत राहिली. पडली नाही.

भावोजी चहा घेऊन आले. डोळे लाल, पण चेहरा हलका. "वाचली बघ. तू बोललीस म्हणून."

चहा तिनं घेतला.

ताई घरी आली, मशीनसकट. महिन्याभरात पुन्हा लिहायला लागली. भावोजींना लिहिलं, "दाढी कर. भूत दिसतोस." भावोजींनी दाढी केली आणि त्या आनंदात सगळी हकीकत सांगून टाकली: चाचण्या राहिल्या होत्या, धाकटीनं वेळेवर सांगितलं, नाहीतर केवढा अनर्थ झाला असता.

दुसऱ्या दिवशी ते औषधं आणायला गेले. धाकटी उशाशी बसली होती. अक्षरं चालू लागली. टक. टक. बराच वेळ.

"मग नंतर चालवल्यास का?"

चाचण्या लिहिणारी बाई हे विचारणारच होती.

"चालवल्या," धाकटी म्हणाली.

टक. टक.

"आणि?"

मशीननं एक श्वास आत ढकलला, एक बाहेर सोडला.

"सगळ्या पास, ताई."

त्यानंतर ताईनं तिला काही लिहिलं नाही. भावोजींशी बोलायची, नर्सची थट्टा करायची, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला यथेच्छ शिव्या द्यायची. धाकटी समोर बसली की हो, नको, पाणी, मान, कड बदल, मग अक्षरं, मग पुन्हा हो. उजळत आणि विझत फिरत राहायचं सगळं. धाकटी स्वतःच विचारायची, "कड बदलू?" आणि बदलायची.

एकदा भावोजी दारातून डोकावले. पडद्याकडे बघत उभे राहिले.

"मघापासून नुसतंच फिरतंय. बिघडलं का गं?"

"नाही, भावोजी," ती म्हणाली. "चालतंय."