चोचीतलं पाणी

इमारतीच्या पायथ्याशी सात पक्षी पडले होते. पाच गार. दोघांची छाती अजून हलत होती.

मीनाक्षी ऑफिसला तासभर आधी यायची ती यासाठीच. मे महिन्यात उत्तरेकडे निघालेले पक्षी पहाटे शिकागोच्या या काचेच्या इमारतीवर येऊन आपटत. झाडूवाला यायच्या आत उचलले तर उचलले. तिने एकाला तळहातावर घेतलं आणि थर्मासच्या झाकणातलं पाणी करंगळीने त्याच्या चोचीत सोडलं. चोचीपाशी एक बुडबुडा आला, फुटला, आणि मान कलली.

दुसरा पिवळ्या गळ्याचा होता, चिमणीहूनही लहान. त्याला तिने डब्याच्या रिकाम्या केलेल्या कागदी पिशवीत ठेवलं. ती काम करायची त्या टपालखोलीत आल्यावर हाताच्या सवयीने पिशवी वजनकाट्यावर गेली. पाऊण औंस.

"हे पार्सल कुठे जायचंय, मीना?" शेजारच्या टेबलावरच्या ग्लोरियाने विचारलं.

"कॅनडा."

"मग स्टँप कमी पडतील."

मीनाक्षीने दीपाला तिच्या लॅबमध्ये फोन लावला. दीपा मीनाक्षीच्याच बिल्डिंगमध्ये राहायची, बायॉलॉजीत पीएचडी करत होती.

"मावशी, पाणी पाजता? अहो, ते श्वासनलिकेत जातं. गुदमरतो तो."

"म्हणजे मगाशी मीच..."

"तो आपटलाच होता ना. कदाचित तसाही गेला असता."

"कदाचित. बरं, आता याचं काय करू?"

"काही नाही. पिशवी बंद करून अंधारात ठेवा. लंचमध्ये तळ्याकाठी नेऊन सोडा."

"तोवर नुसती बसू?"

"हो मावशी. हात लावू नका."

गेल्या वर्षी वर्ध्याहून फोन आला तेव्हाही ती अशीच नुसती बसली होती. तिकीट आठवड्यानंतरचं मिळत होतं. आईच्या तोंडात शेवटचं पाणी वहिनीने घातलं. तेव्हापासून मीनाक्षीने समोर कुणाला कोरड्या तोंडाने जाऊ दिलं नव्हतं. या इमारतीखाली आपण किती जणांना पाणी पाजलं, हे तिला आठवायचं नव्हतं. पण एकेक आठवत होता.

टेबलाखालची पिशवी गप्प होती. तिचा हात दोनदा थर्मासकडे गेला. तिसऱ्यांदा तिने थर्मासच उचलून ग्लोरियाकडे दिला.

"कॉफी?"

"पाणी. मी मागितलं तरी देऊ नकोस."

दुपारी तळ्याकाठच्या हिरवळीवर तिने पिशवी आडवी ठेवून तोंड उघडलं. पक्षी तळाशी अंग फुगवून, डोळे मिटून बसला होता. ती दोन हात दूर जाऊन बसली. पिशवी हलवून पाहावी असं फार वाटलं. लंचची वेळ संपली, तरी ती उठली नाही.

मग कागद एकदा वाजला. पिवळं काहीतरी तिच्या खांद्यावरून गेलं आणि झाडात शिरलं. तिने बराच वेळ वर पाहिलं. पुन्हा काही दिसलं नाही.

टपालखोलीत परतल्यावर तिने पिशवी काट्यावर ठेवली.

पाव औंस.