आधी आलेलं आधी

बावीस वर्षं कारखान्याच्या गोदामात काढलेल्या माणसाच्या हाती स्वयंपाकघर दिलं की काय होतं, ते त्या घरातल्या दोघी मायलेकी चार महिने भोगत होत्या. कारखान्याला टाळं लागलं, घरी बसायची वेळ आली, आणि बसेल तो गोदामपाल कसला! त्याने थेट फळ्यांचा ताबा घेतला. प्रत्येक डब्यावर आणल्याची तारीख चिकटली. प्रत्येक वस्तूचे दोन नग झाले, एक चालू आणि एक राखीव. आणि सगळ्यावर गोदामाचा कायदा लागू झाला: आधी आलेलं आधी जाईल.

हा कायदा नटबोल्टांना ठीक होता. पावाला लावल्यावर मात्र आज आणलेला पाव राखीव म्हणून डब्यात जायचा आणि कालचा ताटात यायचा. घरात ताजा पाव रोज येत होता आणि चार महिन्यांत एकदाही कुणी तो ताजा खाल्ला नव्हता.

त्याला दोष तरी किती द्यायचा? बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. दिवसपाळी कायमची, आणि कारखाना बंद झाल्यापासून आठवड्याच्या तीन रात्रीही तिने अंगावर घेतल्या होत्या. साबणाच्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघत होती. बोलता बोलता बसल्या जागी तिची मान कलंडायची. ते बघून गोदामपाल तिच्या मानेखाली उशी सरकवायचा. कामं त्यालाही कुणी ना कुणी सुचवली होती, पण तो म्हणायचा, "कारखाना उघडला की मला बोलावणारच. मग नव्या मालकाला मधेच कसं सोडू?"

शेवटी बायकोनेच तोडगा काढला. "अहो, माझ्या दिवसपाळीच्या पगारात एक महिना भागवून दाखवा. भागलं तर रात्रपाळी सोडते. पण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्रपाळीची नवी यादी वर साहेबांकडे जाते. त्यात सही केली की सहा महिने सुटका नाही."

तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरेना. कांदे गावाच्या एका टोकाला स्वस्त, तेल दुसऱ्या टोकाला, आणि तडा गेलेली अंडी तिसरीकडेच. सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आधी हा पायरीवर उभा आणि बाजार उठताना पुन्हा हजर. भाजीवाली त्याला लांबून बघूनच टोपलीवर फडकं टाकायची. "आले बघा साहेब तपासणीला," ती शेजारणीला म्हणायची. तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि बटाटा बोटाने दाबून बघायचा.

एवढं करूनही शेवटच्या आठवड्यात सोमवारी खर्चाच्या पाकिटात हात घातला तर आत जेमतेम दोन बाजारांपुरते पैसे होते. त्याने पाकीट झटकलं, उलटं केलं, पुन्हा आत बघितलं. मग चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"बाबा, कुठे निघालात?" मुलीने विचारलं. ती कॉलेजला जायच्या घाईत होती आणि पावाचा तुकडा चहात बुडवून मऊ व्हायची वाट बघत होती.

"तेल आणायला. राखीवमध्ये एकच बाटली आहे."

"मग ती वापरा ना."

"राखीव वापरायचं नसतं. म्हणून तर ते राखीव."

मुलीने पाव बशीत आपटला. "बाबा, आपण ताजं कधी खाणार आहोत? मेल्यावर? फळीवर दोन साबण, दोन तेलं, तांदळाचे दोन डबे. तुमचे पैसे पाकिटात नाहीत, ते तिथे वर बसलेत. आठवडाभर काहीच आणू नका. आहे ते खाऊया."

तो चिडला. लहान तोंडी मोठा घास वगैरे बरंच बोलला. ती निघून गेल्यावर मात्र फळ्यांसमोर उभा राहिला. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी त्याने गोदामातले रॅक रिकामे झालेले बघितले होते. माल उचलून नेला, पाठोपाठ माणसं गेली. रिकामी फळी म्हणजे संपलं, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. घरातही तो उठता बसता तेच सांगायचा: फळी भरलेली तर घर भरलेलं.

संध्याकाळी मुलगी परतली तेव्हा तो पडेल चेहऱ्याने म्हणाला, "नाही आणत. पण आईला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. शनिवारी उरलेले पैसेच तिच्या हातावर ठेवतो."

तो आठवडा त्याने कसा काढला, त्याचं त्याला माहीत. बाजाराच्या वेळेला अंग नुसतं वळवळायचं. कारण नसताना तो जिने चढून गच्चीवर जायचा, खाली यायचा, नळ घट्ट करायचा. एकेक डबा रिकामा झाला की तो धुऊन उपडा घालायचा. गुरुवारी राखीव तांदूळ संपले. शुक्रवारी फळीवर मीठ, मूठभर डाळ आणि कांदे राहिले. पाकिटातले पैसे मात्र जसेच्या तसे होते. जमलं होतं! संध्याकाळी रात्रपाळीला जाता जाता बायको स्वयंपाकघरात डोकावली, फळ्यांकडे बघत जरा थांबली आणि निघून गेली. तो गालातल्या गालात हसला.

शनिवारी सकाळी ती आली. त्याने तिला चपलाही काढू दिल्या नाहीत. पाकीट तिच्या हातात कोंबलं.

"मोज. भागलं! वर उरलेसुद्धा. आजच्या आज जाऊन नाव काढून ये."

ती पाकिटाकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"मी रात्रीच सही केली," ती म्हणाली.

"अगं, का?"

"का म्हणजे? काल फळ्या बघितल्या. डबेसुद्धा उपडे घातलेले. मला वाटलं, सगळं संपलं आणि तुम्हाला सांगायची लाज वाटतेय." तिचा आवाज चिरकला. "तुम्हीच म्हणता ना, फळी भरलेली तर घर भरलेलं. मग मी काय समजायचं?"

मुलगी दारात रडवेली होऊन उभी होती. गोदामपालाने बायकोला उठवलं आणि तिला घेऊन तसाच इस्पितळाच्या रस्त्याला लागला. वाटेत ती म्हणत होती, आता काही व्हायचं नाही, उगाच कशाला. तो नुसता भराभर चालत होता.

धुलाईखान्यातल्या मुकादमबाई चादरींचे गठ्ठे मोजून घेत होत्या. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. "यादी वर गेली हो. रात्रीला माणूस कमी करता येत नाही. बदलीला कोणी देत असाल तर तेवढं नाव फिरवता येईल."

"माझं लिहा," तो म्हणाला.

मुकादमबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ओल्या चादरी उचलाव्या लागतात. मधेच सोडून चालायचं नाही."

बायकोने त्याची बाही धरली. "अहो, काय करताय? आणि उद्या कारखाना उघडला तर?"

यंत्रांच्या घरघरीत त्याला जरा मोठ्यानेच बोलावं लागलं.

"तो आता उघडत नाही गं," तो म्हणाला, आणि मुकादमबाईंकडे पेन मागितलं.